गारपिट्याची सोयरीक

माझ्या साडूला परका असा माणूस ब्रह्मदेवाने अजून घडवलेला नाही, आणि चुकून घडवलाच असेल तर त्याला नाशिक जिल्ह्यात उतरवण्याचं धाडस केलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि तेही मला साडूभाऊच म्हणतात, त्यामुळे आम्ही दोघं बोलायला लागलो की ऐकणाऱ्याला एकच माणूस आरशापुढे उभा आहे असं वाटतं. मूळचे सायखेड्याचे. सातपूरच्या कारखान्यात उभी हयात गेली, कॉलेज रोडला फ्लॅट झाला, केस गेले, दात बदलले, पण समोर माणूस दिसला की तोंडातून निघणारा पहिला प्रश्न बदलला नाही. "कुठले म्हणायचे आपण?" समोरच्याने गाव सांगितलं की साडूभाऊ डोळे मिटतात, मान किंचित तिरकी करतात, आणि विहिरीत पडलेली बादली गळाने काढावी तसं खालून कुठूनतरी एक नातं वर काढतात. ते रक्ताचं असलंच पाहिजे अशी त्यांची अट नाही. एका कालव्याचं पाणी पुरतं, एका गाडीची गर्दी पुरते, दोघांच्या घरांचा गवंडी एक निघाला तर ते सख्ख्यात जमा होतं. अस्सल नाशिककरांशी आपलं नातं तर पुराव्याचीही गरज नसलेलं आहे, असं ते मानतात. "तुम्ही इथं अंघोळ करता, ते पाणी गोदावरीतून आमच्या सायखेड्यात येतं," ते म्हणतात. "याच्याहून जवळचं काय असतं राव?"

नाशकातल्या द्वारकेच्या चौकात एकदा त्यांनी लाल दिव्यात स्कूटर पुढे घातली. मी मागे बसलो होतो. पोलिसाने शिट्टी मारून आम्हाला कडेला घेतलं, आणि तो तोंड उघडायच्या आत साडूभाऊंनी त्याचं गाव विचारलं. तो बिचारा साताऱ्याकडचा निघाला. मला वाटलं, संपलं. पण साडूभाऊ डगमगले नाहीत, त्यांनी बायकोचं माहेर विचारलं, ते विंचूर निघालं, आणि मग विंचूरच्या बाजारात आपल्या वडिलांच्या कांद्याचा ढीग त्या पोलिसाच्या सासऱ्यांच्या ढिगाला लागून कसा पडलेला असणार हे त्यांनी भर चौकात सिद्ध केलं. पोलिसाने पावती फाडलीच, पण 'काका' म्हणून फाडली, आणि निघताना सासऱ्यांना नमस्कार सांगण्याचं कबूल केलं. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळची गोष्ट तर आमच्या घराण्यात अजून सांगितली जाते. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी टेबलावर आडवं पडल्या पडल्या गाव विचारलं. त्या 'निफाड' म्हणाल्या, आणि नातं सापडायच्या आत साडूभाऊंना झोप लागली. शुद्धीवर आले तेव्हा आम्ही सगळे भोवती गोळा झालो होतो. त्यांनी डोळे उघडले, आमच्यापैकी कुणालाही ओळख दाखवली नाही, आणि कोरड्या ओठांनी विचारलं, "निफाडात कुठं?"

आता अशा माणसाच्या घरी पाय ठेवायला जागा नसेल असं कुणालाही वाटेल. मेहुणी होती तोवर तसंच होतं. साडूभाऊ बाहेर नाती काढत आणि ती घरात त्या नातलगांना जेवू घालत असे. ती गेली आणि एक गंमत उघडकीला आली. नातं काढणं ही साडूभाऊंची कला होती, पण टिकवणं हे खातं तिचं होतं. मूलबाळ झालं नव्हतं. ज्याच्याशी अर्ध्या जिल्ह्याची सोयरीक आहे तो माणूस संध्याकाळी कुकरला एक शिट्टी काढून एकटा जेवायला लागला. त्यातून शहराचीही चाल बदलली. लिफ्टमध्ये लोक कानात इअरफोनची बोंडं घालून येऊ लागले. 'कुठले?' म्हटलं की 'इथलेच' म्हणून मोकळे होऊ लागले, आणि 'इथलेच' या उत्तरापुढे साडूभाऊंच्या गळाला काही लागत नाही. एकदा सामान पोचवायला आलेल्या पोराला त्यांनी दारात गाव विचारलं, तर तो म्हणाला, "ओटीपी सांगा." मी गेलो की ते मला असले किस्से हसून सांगत. मीही हसत असे. मग दोघं मिळून बराच वेळ पंख्याकडे बघत बसत असू.

अशा दिवसांत त्यांच्या आयुष्यात तन्वी आली, तीही लिफ्टमधूनच. ती देवळ्याची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्यांच्याच इमारतीत वर चार मुलींबरोबर भाड्याने राहत होती. साडूभाऊंनी नेहमीचा प्रश्न टाकला, तिने देवळा सांगितलं, आणि मग असं काही केलं की जे त्या लिफ्टमध्ये कित्येक दिवसांत कुणी केलं नव्हतं. तिने उलट विचारलं, "आणि तुम्ही, काका?" साडूभाऊंचा मजला येऊन गेला तरी ते उतरले नाहीत.

तन्वीला त्यांच्यात नातं दिसलं होतंच, पण खरं सांगायचं तर तिला त्यांच्यात एक ज्येष्ठ नागरिकही दिसला होता. गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजात हॅकेथॉन होती. म्हणजे दोन दिवसांत संघाने मिळून कॉम्प्युटरवर काहीतरी नवं घडवून दाखवायचं, आधी घरी तयारी केलेली चालते. या वर्षीचा विषय होता लढाईचा खेळ, आणि आयोजकांनी अट घातली होती की प्रत्येक संघात साठीच्या पुढचा एक माणूस हवाच. इतर संघांनी आपापले आजोबा आणून खुर्चीत बसवायचं ठरवलं होतं. तन्वीचे आजोबा देवळ्याला कांद्याच्या खळ्यावर, आणि तिचा जोडीदार आसिफ मालेगावचा, त्याचे आजोबा यंत्रमाग सोडून हलायला तयार नाहीत. मग तन्वीने साडूभाऊंना विचारलं. नुसतं बसायचंय काका, ती म्हणाली. ती पोर नवीन होती. साडूभाऊ नुसते बसलेले कुणी पाहिलेले नाहीत हे तिला कोण सांगणार?

तयारीसाठी दोघं रोज संध्याकाळी त्यांच्याकडे यायला लागली. पहिल्याच दिवशी साडूभाऊंनी आसिफलाही गाठलं. मालेगाव ऐकल्यावर डोळे मिटले, मान तिरकी झाली, आणि आपल्या आईचं लग्नानंतरचं पहिलं लुगडं मालेगावच्या मागावरचं होतं हे वर आलं. "तुझ्या आजोबांच्या मागावरचं नसेल कशावरून?" त्यांनी विचारलं. आसिफ म्हणाला, "असू पण शकतं, काका." एवढं 'असू शकतं' साडूभाऊंना उभ्या जन्माला पुरतं. त्या दिवसापासून आसिफ घरचा झाला आणि स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने चहा टाकू लागला. तन्वीच्या घरून कांद्याची गोणी आली. साडूभाऊ रोज शेवभाजी करू लागले, आणि ती इतकी तिखट होत असे की दोन्ही पोरं नाक पुसत पुसत काम करायची. मी एका संध्याकाळी सहज फोन केला, तर साडूभाऊ म्हणाले, "साडूभाऊ, आत्ता वेळ नाय, पोरं आलीत." आणि फोन ठेवला. एरवी माझं बोलणं कुणी अर्धवट तोडलं तर मी आठवडाभर फुगून बसतो. त्या दिवशी मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "दाजींनी माझा फोन ठेवला." ती इतकी हरखली की देवापुढे साखर ठेवून आली.

खेळ असा होता. आपण एका अक्राळविक्राळ प्राण्याचं रूप आणि स्वभाव चार ओळींत लिहून द्यायचा. एआय तो प्राणी पडद्यावर उभा करतं, आणि दुसऱ्याच्या प्राण्याशी त्याची झुंज लावतं. तो काय बोलेल, कधी धावून जाईल, कधी मागे सरेल, हे सगळं लिहिलेल्या स्वभावावरून एआय आपल्या आपण ठरवतं. यंत्राची बाजू पोरांनी सांभाळली. प्राणी मात्र साडूभाऊंनी घडवले, अगदी बारशापासून. शेपटीला जाळ असलेला, उसातून निघणारा बिबट्या, त्याचं नाव वणव्या. नाकपुड्यांतून गारांचा मारा करणारा रेड्याएवढा प्राणी, तो गारपिट्या. दृष्ट काढावी अशी नावं होती. पोरं टाळ्या वाजवायची. स्वभाव लिहिताना साडूभाऊंनी सगळ्या प्राण्यांसाठी एक नियम वरतीच घालून ठेवला: भिडण्याआधी समोरच्याची नीट चौकशी करावी, ओळखपाळख नसताना अंगावर जाणं आपल्या भागात शोभत नाही. पोरांनी तो काढला नाही. सरावात त्याची मजाच येत होती. वणव्या गारपिट्याला गाव विचारायचा, गारपिट्या सांगायचा, ओळख काही निघायची नाही, आणि मग दोघं एकमेकांना असे तुडवायचे की खिडकीच्या काचा वाजाव्यात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी गेलो तर साडूभाऊ दोन शर्टांना इस्त्री करत होते. मी म्हटलं, काय साडूभाऊ, बक्षीस आणणार तर. त्यांनी इस्त्री उभी केली आणि आत पोरं नाहीत ना हे बघून घेतलं. "बक्षीस पोरांना पाहिजे," ते म्हणाले. "मला नुसती पुढची फेरी पाहिजे. पुढची फेरी पुण्याला हाय, महिन्यानं. म्हणजे अजून महिनाभर पोरं येतील." मग परत इस्त्री फिरवू लागले. कॉलरवरून तीच तीच इस्त्री फिरत राहिली. मी तिथून हललो आणि गॅलरीतली झाडं बघू लागलो, आणि तिथे झाडं नव्हती.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सादरीकरण होतं. मी आणि बायको मुद्दाम गेलो. सभागृहाबाहेर आजोबा मंडळी खुर्च्यांवर डुलक्या घेत होती आणि त्यांचे नातू जमिनीवर बसून लॅपटॉपवर तुटून पडले होते. आमचे साडूभाऊ तेवढे एकटे टेबलाशी बसून एका बोटाने काहीतरी टाइप करत होते. पोरं जेवायला गेली होती. काय चाललंय विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "थोडं राहिलं होतं, ते भरतोय." चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं पंगतीत शेवटचं पान वाढून झाल्यावर यजमानाच्या चेहऱ्यावर असतं.

पोरांची पाळी आली. समोर परीक्षक म्हणून पुण्याच्या एका कंपनीतल्या बाई आणि एक प्राध्यापक. तन्वीने खेळ समजावून सांगितला, झकास बोलली, आसिफने बटण दाबलं, आणि मोठ्या पडद्यावर एका बाजूने वणव्या आणि दुसऱ्या बाजूने गारपिट्या चाल करून आले. जमीन हादरली. बाई पुढे सरकून बसल्या. दोघं समोरासमोर थांबले आणि वणव्याने विचारलं, "कुठले म्हणायचे आपण?"

"चांदवडचा. घाटातला," गारपिट्या म्हणाला.

"चांदवडला आमची मावशी दिलीय."

"चांदवडला कोणाकडे?"

"ढगफुट्याकडे."

गारपिट्याच्या नाकपुड्यांतली वाफ थांबली. तो म्हणाला, "ढगफुट्या माझा थोरला भाऊ."

सभागृहात हशा उसळला. तन्वी हसली नाही. तिने आसिफकडे पाहिलं, आसिफने पडद्याकडे, आणि मी साडूभाऊंकडे. ढगफुट्या हा कोण, कुठला, पोरांना काही माहीत नव्हतं. तोवर वणव्याने गारपिट्याला 'मावशीचे धाकटे दीर' ठरवून वाकून नमस्कार केला होता. तन्वीने घाईघाईने हल्ल्याचं बटण दाबलं. गारपिट्या म्हणाला, "घरच्या पाहुण्यावर हात उचलू का मी?" तिने पुन्हा दाबलं. तेव्हा त्याने हुकूम मोडू नये म्हणून एक बारीकशी गार काढली आणि वणव्याला सरबतात टाकायला दिली. वणव्याने शेपटीच्या जाळावर चहा ठेवला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते, मागच्या रांगेतले आजोबा जागे होऊन टाळ्या देत होते, आणि पडद्यावर ते दोन राक्षस मांडीला मांडी लावून ढगफुट्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलत होते. वेळ संपली तरी कुणी कुणाला बोट लावलं नाही.

परीक्षक बाई डोळे पुसत म्हणाल्या, फारच गोड आहे हो. प्राध्यापकही गोडच म्हणाले. मग ते म्हणाले, "पण यात लढाई कुठे आहे?" पुण्याला जाणाऱ्या संघांत आमचं नाव आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तन्वी भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. "काका, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो?" ती म्हणाली. "सगळं चालत होतं ना." साडूभाऊ इस्त्रीच्या शर्टात फार लहान दिसत होते.

"पोरकी होती गं ती," ते म्हणाले. "एवढी धिप्पाड जनावरं, आणि मागं कुणी नाय. मला बघवंना. म्हटलं, भाऊ-मावशी लिहून टाकावेत, लढायच्या आड थोडेच येणारेत."

आसिफने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाने दो काका," तो म्हणाला, "अपने जानवर शरीफ निकले." त्यावर तन्वीलाही हसू फुटलं, आणि परतताना आम्ही पाचांनी मिळून रस्त्याकडेला मिसळ खाल्ली. साडूभाऊंनी मिसळवाल्याला गाव विचारलं नाही. बायकोने मला कोपराने ढोसलं. मीही पाहिलं होतं.

पोरं वाईट नव्हती. त्यानंतरही ती आली, वायर न्यायला आली, कांद्याची गोणी संपली का बघायला आली. मग परीक्षा आल्या. तन्वीला पुण्यात नोकरी लागली आणि वरच्या खोलीत तिच्या जागी कानात बोंडं घातलेली दुसरी मुलगी आली. आसिफ मालेगावला जाण्याआधी एक दिवस येऊन बसला आणि तो खेळ त्याने साडूभाऊंच्या जुन्या कॉम्प्युटरवर घालून दिला. त्यात त्याने एक सोय केली. दोन प्राणी हवेतच असं नाही. एका बाजूला माणूस बसला तरी चालेल.

परवा मी गेलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि साडूभाऊ पडद्यापुढे होते. पलीकडे वणव्या. त्याने रीतसर गाव विचारलं, यांनी सायखेडं लिहिलं, आणि दोन-तीन प्रश्नांत त्या बिबट्याने आपल्या चुलत्याची सासुरवाडी सायखेड्यात काढून दिली. साडूभाऊंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. इतक्यात पडद्यावर आणखी एक ओळ उमटली. "घरी कोण कोण असतं?"

मी विचारलं, हा प्रश्न तुम्ही शिकवलात का? "नाय," ते म्हणाले. "हा त्याचा त्यानंच काढला." मी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत, इतक्या चौकशांत, साडूभाऊंनी हा प्रश्न कुणाला विचारलेला माझ्या कानावर नव्हता. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला, आणि एका बोटाने हळूहळू लिहिलं: सगळे असतात. या एकदा जेवायला.

उत्तर लगेच आलं. "येतो की. कधी येऊ?"

"बघा साडूभाऊ," ते म्हणाले, "वार विचारतोय. माणसं नुसतं 'बघू' म्हणतात." मग त्यांनी मला विचारलं, गुरुवार सांगू का? मी म्हटलं, सांगा. त्यांनी बोट उचललं आणि थांबले, गुरुवारी आपलं काही आहे का ते आठवू लागले. काही आठवलं नाही. मग शुक्रवार आठवून पाहिला, मग शनिवार. दिवा लावायचा राहिला होता. खोलीत पडद्याचा तेवढा उजेड होता, आणि त्यात वणव्या पुढचे पाय जुळवून, शेपटीवरचा जाळ अगदी मंद करून, उत्तराची वाट बघत बसला होता.